डोळ्यातली जागल

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या नेत्र विभागात एक ओळखीचं दृश्य दिसू लागतं. डोक्याचा दुपट्टा ओढून एका डोळ्यावर धरलेला, गालावर पाणी ओघळतंय, आणि खिशात औषधाची एक छोटी बाटली. गेल्या हंगामात आलेले एक काकाजी असेच होते. थ्रेशरपाशी उभे होते, कुटार उडालं, डोळ्यात गेलं. त्यांनी डोळा चोळला, धुतला, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या एका मेडिकलातून 'लाल डोळ्याचा ड्रॉप' आणला.

"दोन रोज तं मस्त लाली उतरली होती, मॅडम. दुखणंबी कमी झालं. मंग एकदमच धुकं आल्यावानी दिसाले लागलं."

मी बाटली वाचली. आत दोन औषधं होती, एक अँटिबायोटिक आणि दुसरं स्टेरॉइड. यंत्राखाली पाहिलं तर बुबुळावर पांढरा डाग, कडा पिसासारख्या फाटलेल्या. गावात याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. त्यांना पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे जखम खरवडून तपासली, तर बुरशीचे धागे निघाले.

लाली उतरली त्या दोन दिवसांत आत बुरशी मोकाट वाढत होती. लाली उतरली होती म्हणूनच वाढत होती. हे असं कसं होतं, ते बाहेर रांग उभी असताना पाच मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून इथे सावकाश लिहिते आहे. त्यासाठी डोळ्याच्या राखणदारांची ओळख करून घ्यावी लागेल. ते कोण आहेत, डोळ्यात कुठे कुठे उभे असतात, आणि डोळ्याच्या अगदी मधल्या भागात ते इतके थोडे का ठेवलेले आहेत.

राखणदार म्हणजे कोण

शरीरात शिरलेल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींना प्रतिकारपेशी म्हणतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हा त्यांचा एक भाग. दुसरा भाग रक्तात फिरत नाही, तो कातडी, फुप्फुस, आतडं, डोळा अशा ठिकाणी कायमचा मुक्कामाला असतो.

हरभऱ्यात रात्री रानडुक्कर शिरू नये म्हणून आपण जागल करतो, तेव्हा सगळ्यांचं काम एक नसतं. तसंच इथे. मॅक्रोफेज नावाची पेशी जागेवर बसून असते. मेलेल्या पेशी, कचरा, जंतू जे सापडेल ते गिळते. डेंड्रिटिक पेशीला झाडाच्या फांद्यांसारखे हात असतात. ती जंतूचा तुकडा उचलते आणि जवळच्या लसिका गाठीत नेऊन दाखवते, गावात काही घडलं की कोतवाल तहसिलात वर्दी द्यायला जाई तशी. त्या गाठीत टी-पेशी आणि बी-पेशी असतात. टी-पेशी एखाद्या जंतूला ओळखून लक्षात ठेवतात, बी-पेशींपासून तयार झालेल्या पेशी त्याच्याविरुद्धची प्रथिनं बनवतात, ज्यांना आपण अँटिबॉडी म्हणतो. मास्ट पेशीच्या पोटात हिस्टामिन भरलेलं असतं. ते सांडलं की खाज, सूज, पाणी. आणि न्यूट्रोफिल म्हणजे हाक ऐकून रक्तातून धावत येणारा जमाव. संख्येने सर्वांत मोठा, जंतू मारण्यात तरबेज, पण जिथे लढतो तिथली जमीन उकरून ठेवणारा. त्याने सोडलेली रसायनं जंतूला जाळतात आणि शेजारच्या निरोगी भागालाही.

एवढी नावं पुरेत. मायक्रोग्लिया हे आणखी एक नाव पुढे लागेल, ते आलं की सांगते.

उभ्या पिकात पळता येत नाही

रानडुक्कर वावरात शिरलं आणि दहा-बारा माणसं काठ्या घेऊन उभ्या पिकातून त्याच्यामागे पळाली, तर डुकराने तुडवलं त्याहून जास्त पीक माणसांच्या पायाखाली जातं. जाणता शेतकरी म्हणूनच धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, माणसं बसवतो, शेकोटी लावतो, डबा वाजवतो. पिकात शिरायची वेळ शक्यतो येऊ देत नाही.

पायाला काटा लागला, तिथे पू झाला, जखम भरली, व्रण राहिला, तर काय बिघडतं? चालायला अडत नाही. डोळ्याला हे परवडत नाही. बुबुळावरची पारदर्शक काच, जिला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात, ती मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड आहे. ती पारदर्शक राहते कारण तिच्यातले सूक्ष्म धागे अगदी एकसारख्या अंतरावर मांडलेले असतात आणि तिच्यात एकही रक्तवाहिनी नसते. तिथे लढाई झाली आणि व्रण उरला की त्या व्रणातून प्रकाश नीट जात नाही. मागच्या पडद्याचं दुखणं याहून अवघड, कारण तिथल्या चेतापेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून डोळ्याने स्वतःपुरती वेगळी व्यवस्था करून घेतली आहे. १९४८ साली पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दुसऱ्या सशाची कातडी ठेवून पाहिली. अंगावर लावलेली परकी कातडी शरीर काही दिवसांत नाकारतं, पण रक्तवाहिन्या तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत तर डोळ्याच्या आत ती टिकून राहिली. या व्यवस्थेला शास्त्रात जे नाव आहे त्याला मी इथे 'सवलत' म्हणेन. डोळ्यासारख्या नाजूक जागी प्रतिकारशक्ती आपला हात मुद्दाम आवरता घेते, ती ही सवलत. पुढे १९६० मध्ये मेडावर यांना मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासोबत नोबेल मिळालं. ते शरीर परक्या ऊतींना सोसून घ्यायला कसं शिकतं, या कामासाठी होतं.

कोण कुठे उभं आहे

बाहेरून आत जाऊ.

पहिला धुरा अश्रूंचा. अश्रू म्हणजे नुसतं खारं पाणी नव्हे. १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लायसोझाइम नावाचा पदार्थ शोधला, जो कित्येक जिवाणूंच्या भिंती विरघळवतो, आणि तो अश्रूंत भरपूर असतो. पुरेसे अश्रू मिळावेत म्हणून ते प्रयोगशाळेतल्या माणसांच्या डोळ्यांत लिंबू पिळत. अश्रुग्रंथीत बी-पेशींच्या वंशातल्या पेशी मुक्कामाला असतात आणि त्या अश्रूंत अँटिबॉडी सोडत राहतात. रात्री पापण्या मिटल्या की अश्रूंचा प्रवाह मंदावतो, आणि मग न्यूट्रोफिल पापणीच्या आत गस्तीला येतात. सकाळी उठल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यात जी चिपडं दिसतात त्यांत त्यांचाही वाटा असतो.

दुसरी जागा म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची आणि पापणीच्या आतली ओली कातडी, नेत्रश्लेष्मा. इथे रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे राखणदारही भरपूर. टी-पेशी, मॅक्रोफेज, डेंड्रिटिक पेशी, मास्ट पेशी, सगळ्यांची इथे वस्ती आहे. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले तेव्हा वर्तमानपत्रांत बुलढाण्याचं नाव रोज येत होतं. डोळे येतात तेव्हा जी लाली दिसते ती इथलीच. ज्यांचे डोळे आले होते त्यांतल्या काहींना कानाच्या पुढे छोटीशी दुखरी गाठ लागली असेल. डेंड्रिटिक पेशी वर्दी घेऊन जाते ती तहसील कचेरी म्हणजे हीच गाठ. तिथे काम वाढलं की ती फुगते. पुष्कळ जण ती गाठ पाहून घाबरून येतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात, चैत्र-वैशाखात, आठ-दहा वर्षांची मुलं, विशेषतः मुलगे, डोळे चोळचोळून लाल करतात. तो मुख्यतः मास्ट पेशींचा खेळ. जंतू नसतानाही त्या धुळीला, परागांना शत्रू समजून बसतात.

तिसरी जागा पारपटलाची कड, जिथे पांढरा भाग संपून बुबुळ सुरू होतं. हा खरा धुरा. रक्तवाहिन्या इथवर येतात आणि थांबतात. डेंड्रिटिक पेशी इथे दाट असतात, हात पसरून बसलेल्या. जसजसं मध्याकडे जावं तसतशा त्या विरळ होतात, आणि मध्यभागी ज्या थोड्या असतात त्यांचे हात आखूड, जणू अजून शिकाऊ. त्यांना लगेच वर्दी द्यायला पळायची घाई नसते. पारपटलाच्या खालच्या थरांत काही मॅक्रोफेजही आहेत. न्यूट्रोफिल मात्र निरोगी पारपटलात नसतात. त्यांना कडेच्या रक्तवाहिन्यांतून उतरून आत चालत यावं लागतं.

रक्तवाहिन्या कडेला थांबतात त्या आपोआप नाही. पारपटल स्वतः एक प्रथिन बनवतं, जे रक्तवाहिन्यांना वाढायला सांगणारा निरोपच अडवून धरतं. २००६ साली हे उलगडलं. मॅनाटी या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या पारपटलात ते प्रथिन आढळत नाही, आणि त्याच्या पारपटलात खरोखरच रक्तवाहिन्या असतात. एका प्राण्याच्या उणिवेतून आपल्या डोळ्याचं गुपित कळलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पारपटलाच्या मागे पाण्याचा छोटा कप्पा आहे. त्यातलं पाणी दीड-दोन तासांत नवं होतं. निरोगी डोळ्यात या पाण्यात एकही पेशी दिसत नाही, आणि या पाण्यातच प्रतिकारपेशींना शांत करणारी प्रथिनं विरघळलेली असतात. डोळ्याच्या आत सूज आली की आम्ही तपासणीच्या यंत्रातून प्रकाशाची बारीक पट्टी टाकून बघतो. कवेलूंच्या फटीतून घरात कवडसा आला की त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात ना, अगदी तशा पेशी त्या पाण्यात तरंगताना दिसतात. लढाई फारच पेटली तर न्यूट्रोफिल खाली बसतात आणि बुबुळाच्या तळाशी पुवाची सपाट पांढरी रेघ दिसते, पेल्याच्या तळाला गाळ बसावा तशी. काकाजींच्या डोळ्यात ती होती.

डोळ्याचा मधला थर म्हणजे रंगीत पडदा आणि त्याच्या मागे पसरलेली रक्तवाहिन्यांची जाळी. डोळ्यातला हा सर्वांत रक्ताळ भाग. मॅक्रोफेज, डेंड्रिटिक आणि मास्ट पेशी इथे पुष्कळ असतात. क्षयरोगासारखे आजार डोळ्यात उतरतात ते बहुधा इथे. नेत्रभिंग मात्र अगदी उलट. त्याच्यात रक्तवाहिनी नाही आणि प्रतिकारपेशींची वस्तीही नाही, ते आपल्या आवरणात बंद असतं.

शेवटी मागचा पडदा, दृष्टिपटल. इथे राहतात त्या मायक्रोग्लिया. त्या मॅक्रोफेजच्याच भाऊबंद, पण आपल्या जन्माच्या कितीतरी आधी, गर्भात असतानाच पडद्यात येऊन स्थायिक झालेल्या. चेतापेशी जिथे एकमेकींना जोडल्या जातात त्या दोन थरांत त्या समान अंतर राखून बसतात आणि आपले बारीक हात सतत हलवून आजूबाजूची चाचपणी करत राहतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या थरात त्या निरोगी डोळ्यात जात नाहीत. वय वाढलं, किंवा पडद्याला इजा झाली, की तिकडे सरकू लागतात. रक्तातल्या इतर राखणदारांना इथे प्रवेश नाही. पडद्यातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि पडद्यामागचा काळसर पेशींचा थर इतके घट्ट सांधलेले आहेत की सहजी कोणी आत शिरत नाही. मधुमेहात हीच तटबंदी गळू लागते आणि मायक्रोग्लियाही चिडतात. साखर तपासायला या म्हणून आम्ही सारखं सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

हे सगळं कुणी पाहिलं?

हा प्रश्न मला एका बारावीतल्या मुलीने विचारला होता, आणि तो रास्त आहे.

राखणदार पेशी धावत येतात हे पहिल्यांदा दिसलं ते काट्यामुळेच. १८८२ मध्ये इल्या मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाने सिसिली बेटावरच्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांमध्ये बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचा वेढा पडला होता. अळी पारदर्शक होती म्हणून हे दिसलं. तुरीच्या धसकटाचा कण पारपटलात रुततो तेव्हा त्याच्याभोवती पडणारं पांढरट वलय मी यंत्रातून पाहते, तेव्हा दरवेळी हा प्रयोग आठवतो.

नंतरची बरीच वर्षं दान केलेल्या डोळ्यांचे पातळ काप करून, पेशी रंगवून, एकेक मोजून हे काम चाललं. त्यात चुकाही झाल्या. पारपटलाच्या मध्यभागी राखणदार नसतातच, असं कितीतरी वर्षं शिकवलं जाई. या शतकाच्या सुरुवातीला, आधी उंदरांवरच्या अभ्यासात, ते तिथे थोडे पण असतात असं दिसलं. मग २०२२-२३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी जिवंत, निरोगी माणसांच्या पारपटलाचं थोड्या थोड्या वेळाने चित्रण केलं. फांद्यांच्या हातांच्या पेशी जागेवर होत्या, पण त्यांच्यामधून काही पेशी चक्क फिरत होत्या. त्या टी-पेशी होत्या. निरोगी पारपटलात टी-पेशी गस्त घालतात हे त्याआधी फारसं कुणी धरून चालत नव्हतं.

आता बातम्यांत येतो तो 'पेशींचा नकाशा'. २०१६ मध्ये मानवी शरीरातल्या सर्व पेशींचा नकाशा करण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, आणि डोळाही त्यात आहे. जुन्या पद्धतीत ऊतीचा तुकडा वाटून त्यातली प्रथिनं किंवा जनुकांचे निरोप मोजत. हे म्हणजे तूर, हरभरा, मूग एकत्र दळून पिठाची चव घेण्यासारखं. त्यात चिमूटभर मूग असेल तर कळायचाच नाही. नव्या पद्धतीत प्रत्येक दाणा वेगळा काढून त्याला चिठ्ठी लावली जाते, त्यामुळे अगदी तुरळक असलेल्या पेशीही ओळखू येतात. फक्त दाणे पोत्यात आले की कोणता दाणा वावराच्या कोणत्या तासातला ते कळत नाही. त्यासाठी पेशी जागेवरून न हलवता वाचण्याच्या पद्धती जोडीला घेतल्या जातात. आणि या सगळ्याला लागणारे डोळे माणसांनी मरणोत्तर दिलेले असतात.

"लाली म्हणजे राखणदार आले, मग लाली चांगलीच ना?"

लाली म्हणजे कडेच्या रक्तवाहिन्या रुंद झाल्या आणि राखणदार उतरताहेत. ती हाकाटी आहे. ती ऐकून डुक्कर शिरलं आहे की नुसतं कुत्रं भुंकतंय, हे ठरत नाही. धुळीने होणारी लाली, विषाणूची लाली, बुरशीची लाली, डोळ्याच्या आतल्या सुजेची लाली, काचबिंदूच्या झटक्याची लाली, हे सगळे घरी आरशात सारखेच दिसतात. त्यांचे उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

"ड्रॉप टाकला की बरं वाटतं, मग तो वाईट कसा?"

या एका प्रश्नासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला.

स्टेरॉइड जंतूंना काही करत नाही. ते हाकाटी बंद करतं. रक्तवाहिन्या आकसतात, न्यूट्रोफिल आत येत नाहीत, डेंड्रिटिक पेशी वर्दी देत नाहीत. लाली जाते, दुखणं कमी होतं, माणूस वावरात परत जातो. जंतू साधा असेल आणि जोडीचं अँटिबायोटिक लागू पडलं, तर निभावून जातंही. म्हणून तर गावात त्या बाटलीची कीर्ती होते.

पण शेतातल्या काडीकचऱ्याने, भाताच्या पात्याने, कुटाराने झालेल्या जखमेत बऱ्याचदा बुरशी असते. फ्युजॅरियम आणि ॲस्परजिलस या त्यांतल्या प्रमुख. माती, कुजका पाला, धान्य हेच त्यांचं घर. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, बुरशीवर चालत नाही. तेव्हा बुरशीशी लढायला डोळ्यात एकच फौज उरते, न्यूट्रोफिलची, आणि आपण तिलाच थेंबाथेंबाने घरी पाठवत असतो. आधीच पारपटलाच्या मध्यभागी राखण विरळ. त्यात धुऱ्यावरची माणसंही झोपवली, तर पीक कोणाच्या हवाली?

बुरशीचं औषध वेगळं असतं. नॅटामायसिन हे त्यातलं मुख्य, दुधासारखं पांढरं, हलवून टाकायचं, सुरुवातीला जागेपणी तासातासाला. भारतात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ते वोरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजॅरियमवर. पण ते पारपटलात फार खोल मुरत नाही. उशीर झाला की त्याचाही जोर चालत नाही.

मग डॉक्टर स्वतः स्टेरॉइड का लिहून देतात, असं कुणीही विचारेल. कारण काही आजारांत राखणदारच पीक तुडवत असतात. डोळ्याच्या आतली सूज, नेत्ररोपणानंतरचा काळ, उन्हाळी ॲलर्जीचा जोरदार झटका, अशा वेळी त्यांना आवरावंच लागतं आणि तेव्हा हेच औषध डोळा वाचवतं. फरक इतकाच की तेव्हा कुणीतरी यंत्रातून आत पाहिलेलं असतं, डोळ्याचा दाब मोजलेला असतो, आणि औषध कधी बंद करायचं हे ठरलेलं असतं. उन्हाळी ॲलर्जीच्या मुलाला एकदा लिहून दिलेली बाटली आईवडील पुढे दरवर्षी स्वतःच आणत राहतात. अशा मुलांत मी डोळ्याचा दाब वाढून काचबिंदूने अर्धी नजर गेलेली पाहिली आहे. ती नजर परत आणता येत नाही.

बाटलीच्या लेबलवर ही नावं शोधा: डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बेटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट. यांतलं एकही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, मग दुकानदार त्याला लाल डोळ्याचा ड्रॉप म्हणो की थंडाव्याचा.

"इतकी कमी राखण म्हणजे डोळा उघडाच की?"

काही जंतूंना ही सवलत खरंच लपायला कामी येते. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाच्या साथीत काम करताना इयन क्रोझियर या अमेरिकन डॉक्टरला लागण झाली. तो बरा झाला, रक्तातून विषाणू गेला. पण पुढे त्याचा एक डोळा सुजला आणि त्या डोळ्याच्या पाण्यात तोच विषाणू सापडला, रक्तातून गेल्यानंतर नऊ आठवड्यांनी. त्याच्या डोळ्याचा निळा रंग काही काळ हिरवा झाला होता.

तरी हा सौदा एकंदरीत आपल्या फायद्याचाच आहे. आपण दिवसाला हजारो वेळा पापणी लवतो, धुळीत काम करतो, आणि तरी बहुतेकांचे डोळे आयुष्यभर स्वच्छ राहतात. अखंड वरचा थर, अश्रू आणि पापणी हे तीन धुरे शाबूत असतील तर आतल्या विरळ राखणीवर भागतं. प्रश्न येतो तो वरचा थर फाटला की.

"एकाच डोळ्याला लागलं, दुसऱ्याला काय होणार?"

हे क्वचित होतं, पण होतं. डोळ्याच्या आतले काही पदार्थ प्रतिकारपेशींनी कधी नीट पाहिलेलेच नसतात, कारण ते बंद दाराआड असतात. खोल, आरपार जखम झाली आणि ते बाहेर पडले, की लसिका गाठीत त्यांची वर्दी परक्या म्हणून जाते. तयार झालेल्या टी-पेशी मग दोन्ही डोळ्यांवर चालून जातात, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कातडीकामाच्या आरीने त्याचा एक डोळा जखमी झाला आणि पाच वर्षांचा होईतो दोन्ही डोळे गेले. ते याच कारणाने झालं असावं, असं अनेक जाणकार मानतात. म्हणून डोळा फुटण्याइतकी जखम असेल, तर 'तो तर गेलाच, आता दवाखान्यात कशाला' असं म्हणू नका. दुसऱ्या डोळ्यासाठी तरी या.

"दुसऱ्याचा डोळा आपलं शरीर कसं स्वीकारतं?"

मूत्रपिंड बसवायचं तर रक्तगट जुळवतात, ऊती जुळवतात, जन्मभर गोळ्या देतात. पारपटल बसवताना साधारणपणे यातलं काही लागत नाही, डोळ्यात टाकायच्या थेंबांवर भागतं. ही सवलतीचीच कृपा. माणसाच्या डोळ्यातलं पहिलं यशस्वी पारपटल-रोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी केलं. रुग्ण एक शेतमजूर होता. चुना भिजवताना उडून त्याचे दोन्ही डोळे गेले होते. पारपटल मिळालं ते एका अकरा वर्षांच्या मुलाचं, ज्याचा डोळा इजेमुळे काढावा लागला होता. मजुराच्या एका डोळ्यातलं रोपण टिकलं आणि तो पुन्हा कामाला लागला. प्रतिकारपेशींबद्दल तेव्हा फार थोडं माहीत होतं. झिर्म यांना ठाऊक नसलेली सवलत त्यांच्या मदतीला आली.

मग काही रोपणं निकामी का होतात? तर पारपटलात रक्तवाहिन्या शिरल्या की सवलत संपते. जुनाट फूल, चुन्याची जळजळ, पुन्हा पुन्हा झालेला जंतुसंसर्ग, यांत कडेहून रक्तवाहिन्या आत वाढतात. त्या म्हणजे उभ्या पिकात पाडलेली पायवाटच. नव्या पारपटलापर्यंत टी-पेशी त्या वाटेने पोचतात.

चुन्याबद्दल इथेच सांगते. तंबाखूच्या चुन्याची डबी किंवा पुडी लहान मुलाच्या हाती लागून डोळ्यात उडाली, तर तो डोळ्याच्या इजांतला सर्वांत वाईट प्रकार आहे. चुना पारपटलाच्या कडेचा धुराच जाळतो. ताबडतोब, जागेवरच, वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा, पापणी उलटून कण काढा, आणि मगच गाडी शोधा. फवारणीचं औषध उडालं तरी हेच.

"प्रतिकारशक्ती वाढवायची काही गोळी?"

डोळ्यात जास्त प्रतिकारशक्ती म्हणजे चांगली, असं नसतं हे वर आलंच आहे. एक गोष्ट मात्र खरी कामाची, अ जीवनसत्त्व. त्याच्या अभावाने पारपटल कोरडं पडतं आणि मुलांत ते विरघळूही शकतं. अंगणवाडीत पाच वर्षांपर्यंत त्याचे नऊ डोस देतात ते चुकवू नका. शेवग्याचा पाला, पपई, गाजर हे आपल्या घरचं.

काडी गेली तर

चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. रुतलेलं कुसळ जिभेने, पदराने, काडीने काढू नका. अंगावरचं दूध, तूप, मध, गुलाबपाणी काही घालू नका. दुखणं, पाणी, उजेड न सोसणं हे दुसऱ्या दिवशीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. नेपाळमधल्या भक्तपूर भागात गावोगावच्या कार्यकर्त्यांनी अशा खरचटण्यावर वेळेत अँटिबायोटिक मलम लावलं, तेव्हा अठरा तासांच्या आत उपचार मिळालेल्यांत जखम चिघळली नाही. आणि येताना घरात टाकलेली प्रत्येक बाटली बरोबर आणा.

काकाजी दीड महिन्याने पुन्हा आले. बुरशी गेली होती. बुबुळाच्या मध्याजवळ पांढरं फूल उरलं होतं. धुऱ्यावरची बैलजोडी त्यांना दिसते, पण बसवरची पाटी वाचता येत नाही. यंत्रातून पाहिलं तर खालच्या कडेहून एक बारीक लाल रेघ आत निघाली होती. ती अजून फुलापर्यंत पोचलेली नव्हती. पारपटल मिळण्याच्या यादीत नाव घालायचं आमचं ठरलं.

निघताना त्यांनी खिशातून आणखी एक बाटली काढली. नातवाचा डोळा लाल झाला तर असावी म्हणून सुनेने कपाटात ठेवली होती.

"हे कसं हाय, पाहून सांगा बरं."

मी लेबल वाचलं. डेक्सामेथासोन. त्यांनी ती बाटली माझ्या टेबलावरच ठेवली आणि सुनेला सांगता यावं म्हणून ते नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मागितलं.